नऊ चित्रं आणि एक अंगठा

सोमवार, ४ तारीख

आज साहेबांनी मला केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच ओळखायला हवं होतं, काहीतरी गळ्यात पडणार.

आमच्या कारखान्यात साफसफाईची रसायनं बनतात. फरशीचं, संडासाचं, तुंबलेल्या पाइपाचं, यंत्रांवरचं ग्रीस काढायचं. मी स्टोअर सांभाळते. आमचा माल उचलणाऱ्या मोठ्या कंपनीचे तपासनीस महिनाअखेरीला येणार आहेत. धोक्याची लेबलं कशी वाचायची आणि सुरक्षेचे नियम काय, याचं ट्रेनिंग कामगारांना दिल्याची नोंद त्यांना हवी आहे. साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं, लोक तुमचं ऐकतात. आजपासून तुम्ही ट्रेनर."

एक जाड पुस्तक दिलं आणि एक रजिस्टर. पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवलं, रजिस्टर माझ्या हातात.

"चौसष्ट जणांच्या सह्या शुक्रवारपर्यंत. ट्रेनिंग काय, होत राहील."

घरी ह्यांना सांगितलं. हे शाळेची बस चालवतात, बोलायचं काम मुलांवर सोडतात. म्हणाले, "म्हणजे आता घराबाहेरही तूच शिकवणार."

खोटं का बोलू, मला बरं वाटलं. पुस्तकाला कव्हर घातलं.

गुरुवार, ७

त्रेसष्ट सह्या चहाच्या सुट्टीत झाल्या. पार्सल घेतल्यासारख्या ठोकल्या लोकांनी. एकाने तर ट्रेनरच्या रकान्यात सही केली, म्हणजे उद्यापासून तोच शिकवणार.

राहिले ड्रमवाले काका. मागच्या शेडमध्ये बावीस वर्षं रिकामे ड्रम धुतात. लिहिता येत नाही, म्हणून शाईचं पॅड घेऊन मीच गेले.

"कशाचा अंगठा गं?"

"ट्रेनिंगचा."

"कधी झालं?"

"होणार आहे."

"मग झाल्यावर आण की शाई."

मी म्हटलं, काका, साहेबांना उद्यापर्यंत हवंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, हात पँटला पुसला आणि अंगठा पुढे केला. "तू म्हणतेस म्हणून."

चौसष्ट झाले. साहेब खूश. मला मात्र ते "तू म्हणतेस म्हणून" घरी येईपर्यंत टोचत होतं. का, ते कळलं नाही.

सोमवार, ११

पहिलं ट्रेनिंग झालं, म्हणजे माझं हसं झालं. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची वीस मिनिटं मिळाली. मी पुस्तकातून वाचायला लागले, "संक्षारक पदार्थाचा त्वचेशी संपर्क आल्यास..." मागे कोणीतरी घोरलं, आणि ते नाटक नव्हतं.

मग तोफ उभी राहिली. तोफ म्हणजे पॅकिंगच्या बायकांची पुढारी. सगळे तिला तोफ म्हणतात आणि तिला ते आवडतं.

"ताई, आम्हाला वाचता येत नाही आणि तुम्हाला सांगता येत नाही. मग आपण इथे बसलोय कशाला?"

सगळे हसले. त्यात माझे दीरही हसले. हे माझे धाकटे दीर आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात, आणि कारखान्यात भरणी विभागाचे सुपरवायझर आहेत. घरी मला वहिनी म्हणतात. कारखान्यात नुसतं "स्टोअर." जणू मी खोली आहे.

घरी येईपर्यंत तोफेचा राग होता. भांडी घासताना लक्षात आलं, संक्षारक म्हणजे काय हे मलाही धड सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं मी ही लेबलं लावलेले ड्रम मोजून आत घेतेय आणि मोजून बाहेर देतेय. वाचलं एकही नाही.

बुधवार, १३

पुस्तक आज घरीच ठेवलं. चार रिकामे ड्रम ढकलत जेवणाच्या हॉलमध्ये नेले. प्रत्येकावर लाल चौकट आहे, टोकावर उभी, आत काळं चित्र. अशी एकूण नऊ चित्रं असतात. आज चारच घेतली.

"सांगा, हे काय?"

"जळका हात," लोडर म्हणाला. दोन नळ्यांतून थेंब पडतायत आणि खाली हाताला भोक पडलंय.

"बरोबर. संक्षारक म्हणजे हेच. मांस खातं, लोखंडही खातं. अंगावर पडलं तर आधी काय कराल?"

"ओरडू," तोफ म्हणाली.

"ओरड, पण नळाखाली उभी राहून ओरड. पंधरा मिनिटं तरी. कपडे काढून."

"कपडे काढून ओरडले तर नोकरी राहील का?"

हॉल नुसता खिदळला, पण पंधरा मिनिटं कोणी विसरणार नाही. मासा मेलेल्या चित्राला ते "आमचा नाला" म्हणाले. कवटी सगळ्यांना येत होती. फक्त ती कोणत्या ड्रमवर आहे हे कोणाला माहीत नव्हतं, ती तर रोज ज्यावर डबे ठेवून जेवतात त्यावरच होती. एकदम सगळ्यांनी डबे उचलले.

काका आले नाहीत. मागच्या शेडमध्ये ड्रमांचा ढीग पडलाय, सोडत नाहीत म्हणे. त्यांना पुढच्या सोमवारी धरून आणणार.

शनिवार, १६

स्टोअरच्या खिडकीवर पाटी लावली. लेबल नाही तर माल नाही. यापुढे कसलाही कॅन, बाटली, डबा माझ्या खिडकीतून बिनालेबलाचा बाहेर जाणार नाही. इतकी वर्षं पाण्याच्या बाटलीतून ग्रीस काढायचं द्रव नेतात लोक. एखादा प्यायला म्हणजे?

पाळी सुटायच्या वेळेला भाऊजी खिडकीशी आले.

"एक कॅन द्या. टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, उरलेलं ॲसिड काढून ठेवायचंय."

"लेबल?"

"लेबलांचा रोल संपलाय, तुम्हालाच माहीत आहे."

"मग रीतसर मागणी लिहून द्या. रोल मंगळवारी येतोय."

"वहिनी, ॲसिड मंगळवारपर्यंत थांबणार आहे का?"

चारचौघांत वहिनी म्हणाले! गरज पडली की नातं आठवतं. आठवडाभर दात काढत होते. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम, सुपरवायझरसाहेब." मागे पाच-सहाजण उभे होते, सगळे ऐकत होते. भाऊजी तसेच निघून गेले.

पहिल्यांदाच जिंकल्यासारखं वाटलं. ताठ मानेने घरी आले.

सोमवार, १८

काका हॉस्पिटलमध्ये आहेत.

दुपारी तीनला. ते ब्लीचच्या ड्रममध्ये वाकून तळ घासत होते. तळाशी थोडं ब्लीच होतंच. शेजारी पांढरा कॅन होता, कसलंही लेबल नाही. साबणाचं पाणी नेहमी तसल्याच कॅनमधून येतं, म्हणून त्यांनी ओतलं. आत ॲसिड होतं.

पुस्तकात हे लिहिलंय. सव्विसावं पान. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो जड असतो, खालीच साचतो. म्हणजे जो वाकलेला असेल त्याच्याच छातीत आधी जातो.

भाऊजींनी त्यांना बाहेर ओढलं. काका पडल्याचं कोणाला कळायच्या आतच ते शेडकडे धावत सुटले होते. इतक्या लांबून त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आज चहाच्या सुट्टीनंतर मी काकांना शिकवणार होते.

मंगळवार, १९

काकांना ऑक्सिजन लावलाय. डोळे उघडे आहेत, आवाज नाही. बाहेर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जागा करून दिली.

"कारखान्यातून माणूस येऊन गेला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, ह्यांना सगळं शिकवलं होतं, चूक ह्यांचीच. तुम्हीच शिकवता ना? मग ह्यांनी असं कसं हो केलं?"

मी म्हटलं, पाणी आणते. आणि पाणी आणायला गेले.

घरी भाऊजी जिन्यातच उभे. "काका काही बोलले का?" म्हटलं, नाही. जेवायला बसले, ताट तसंच. पुन्हा विचारलं, "कॅनबद्दल काही?" साहेबांनी बातमी काढायला बसवलंय त्यांना, दुसरं काय! मी स्पष्ट सांगितलं, "घरात हेरगिरी नको." ते उठून वर गेले. घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

गुरुवार, २१

पुन्हा खुर्ची. या वेळी चहाही.

साहेबांनी अहवाल पुढे केला. 'सदर कामगारास पूर्ण प्रशिक्षण देण्यात आले होते. अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला.' सोबत रजिस्टरचं पान जोडलंय. चौसष्ट नंबरवर अंगठा, निळा, स्वच्छ, एक रेघ पुसट नाही. मीच धरला होता ना हात.

"ट्रेनर म्हणून इथे सही करा. उद्या सरकारी निरीक्षक येणार आहेत चौकशीला."

"काकांच्या उपचारांचं काय?"

"चूक त्यांची असेल तर कंपनी काय करणार? आणि रजिस्टर खोटं म्हणाल, तर ते लिहिलं कोणी? विचार करा. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला."

मी चहा तसाच ठेवला. सही केली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. 'उद्या बघते' म्हणाले. लाज वाटते लिहायला.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या कमी बोला. तुमचीही नोकरी जाईल आणि..." पुढचं वाक्य गिळलं. ह्यांना विचारलं, तुम्ही काय कराल? हे बुटाची नाडी सोडत म्हणाले, "माझ्या बसमध्ये चाळीस मुलं असतात. ब्रेक न बघता मी 'ठीक आहे' म्हणून सही केली, तर तू मला घरात घेशील?"

एवढं बोलून जेवायला बसले. मला झोप येईल असं वाटत नाही, पण आता भीतीही तेवढी वाटत नाहीये.

शुक्रवार, २२

सगळं नीट लिहून ठेवते.

निरीक्षक एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, पायात चिखलाचे बूट. आधी शेड बघून आल्या, मग हॉलमध्ये बसल्या. साहेबांनी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. पाळीतले सगळे भिंतीला टेकून उभे.

"ट्रेनर कोण?"

मी उभी राहिले. आवाज खणखणीत आला. "मी. आणि हे पान खोटं आहे. काकांना मी एक अक्षरही शिकवलेलं नाही. ते म्हणाले होते, शिकवल्यावर शाई आण. मी ऐकलं नाही. बाकीच्या त्रेसष्ट सह्यासुद्धा ट्रेनिंगच्या आधीच्या आहेत. मागितल्या साहेबांनी, घेतल्या मी."

साहेब म्हणाले, "ह्या घाबरल्या आहेत, मनाची स्थिती..."

"घाबरले होते तेव्हा सह्या घेतल्या," मी म्हटलं. "आता नाही."

बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, "तो कॅन कोणी भरला?"

भाऊजी भिंतीपासून सुटे झाले.

"मी. शनिवारी. भंगारातून साबणाचा कॅन उचलला, त्यात ॲसिड काढून शेडपाशी ठेवलं. सोमवारी हलवणार होतो. विसरलो. आठवलं तेव्हा पळत गेलो."

"लेबल का लावलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घाई होती."

एवढंच म्हणाले. घाई होती.

शनिवार. खिडकी. रीतसर मागणी लिहून द्या. माझ्या खणात मार्कर होता, चिकटपट्टी होती. कागदावर 'ॲसिड' लिहून चिकटवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी कॅन अडवला तो काकांसाठी नाही. पाच-सहाजण बघत होते म्हणून.

मी पुन्हा उभी राहिले. "बाई, अजून एक लिहा. ते आधी माझ्याकडे आले होते. मी हाताने लेबल लिहून कॅन देऊ शकत होते. दिला नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं. वाटू दे. खरं बोलायचं ठरवल्यावर सोयीचं तेवढंच बोलले, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

पायऱ्यांवर भाऊजी भेटले.

"वहिनी, ते सांगायची काय गरज होती?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"रोज एका घरात जेवतो आपण," ते म्हणाले.

मंगळवारी मी त्यांना हेर म्हटलं होतं. त्याबद्दल काही बोलायला गेले तर हात झटकून म्हणाले, "असू दे, चला, बस चुकेल."

सोमवार, २५

मला स्टोअरमधून काढून पॅकिंगला बसवलंय. भाऊजींचं सुपरवायझरपण गेलं, भरणीच्या यंत्रावर उभे आहेत. साहेब आहेत तिथेच आहेत, केबिनमधल्या पंख्यासकट. पण निरीक्षक बाईंच्या आदेशामुळे काकांच्या उपचारांचा सगळा खर्च कंपनीकडे आला. काल ऑक्सिजन काढला. आवाज घोगरा झालाय, राहील म्हणे तसाच.

तोफेने मला बाटल्यांना झाकणं लावायला शिकवलं. "हळू, ट्रेनरबाई. इथे सही करून काम होत नाही."

दुपारी ऑफिसातला टायपिस्ट कोरं रजिस्टर घेऊन आला. गुरुवारी तपासनीस यायचेत, तर नव्याने सह्या हव्यात. आधी तोफेपुढे धरलं.

"काय शिकवलंस?" तिने विचारलं.

"मी कुठे, मी तर टायपिस्ट..."

"मग कशाची सही?"

पुढे लोडरांकडे गेला. तिथेही तेच. भरणीत भाऊजींनी यंत्राचा आवाज कमी करून सांगितलं, "आधी शिकवा, मग आम्हाला विचारा, आलं तर सही." रजिस्टर अख्ख्या कारखान्याला चक्कर मारून कोरंच परत आलं. साहेब स्वतः आले. म्हणाले, सही न करणाऱ्याची हजेरी लागणार नाही. तोफ म्हणाली, "नका लावू. बाटल्या तुम्हीच भरा. झाकण हळू लावा हं, उडतं."

मी काही शिकवलं नव्हतं तिला हे.

गुरुवार, २८

तपासनीस आले. दोघे. कोरं रजिस्टर बघून एकमेकांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "प्रशिक्षण प्रक्रियेत आहे."

एकाने सहज म्हणून तोफेला जळका हात दाखवला. तिने पंधरा मिनिटं सांगितली, कपडे सांगितले, आणि वर म्हणाली, "आणि ते बघा, अपघातात अंगावर घ्यायचा फवारा. त्याला पाणीच नाही. दोन वर्षं झाली. ओढून बघा." त्याने साखळी ओढली. नळाने खोकल्यासारखं केलं आणि एक कोळी बाहेर आला.

मालाची उचल महिनाभर थांबली. अटी घातल्यात. फवारा सुरू करायचा, लेबलं पुरवायची, आणि ट्रेनिंग कामाच्या वेळेत, यंत्रं बंद करून. शिकवणार कोण, असं त्यांनी विचारल्यावर साहेबांनी बाहेरचा माणूस आणू म्हटलं. तेवढ्यात कोणीतरी माझं नाव घेतलं, मग सगळ्यांनीच. मी झाकणं लावत होते. चार झाकणं वाकडी बसली.

सोमवार, १ तारीख

आज दहा वाजता यंत्रं बंद झाली. हा कारखाना गप्प असताना मी कधी ऐकलाच नव्हता.

काका रजेवर आहेत, तरी आले. पुढच्या खुर्चीत बसले. मी पहिलं वाक्य त्यांच्याकडे बघून बोलले, "त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं." ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता बोल की पुढे, लोक थांबलेत."

राहिलेली पाच चित्रं घेतली. शेवटचं होतं माणसाचं. नुसतं डोकं आणि छाती, छातीत पांढरी चांदणी फुटल्यासारखी. मी सांगितलं, हे लगेच काही करत नाही. जळत नाही, झोंबत नाही. वर्षानुवर्षं श्वासातून थोडं थोडं आत जातं. फुप्फुसं, यकृत, पोटातलं बाळ.

तोफ उठली, कोपऱ्यातल्या ड्रमपाशी गेली. ग्रीस काढायच्या द्रवाचा ड्रम. त्यावर हात फिरवला. चांदणी होती.

"हा मी अकरा वर्षं भरतेय," ती म्हणाली. आवाज तोफेचा नव्हताच. "दोन्ही पोरांच्या वेळी भरत होते. दुसरं राहिलं नाही माझं. यामुळे का?"

पुस्तकात ही चार पानं मी तीनदा वाचलीत. हे उत्तर त्यात नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण कोणाला तरी माहीत असणार. डॉक्टरांना विचारू, निरीक्षक बाईंना विचारू. तू, मी, हा ड्रम भरणाऱ्या सगळ्याजणी. तपासणी मागू. आणि उत्तर मिळेपर्यंत या ड्रमला कोणी हात लावायचा नाही."

दारात साहेब उभे होते. किती वेळ, माहीत नाही. मनगट वर करून घड्याळ दाखवलं. "बारा वाजले. ट्रेनिंग संपलं. यंत्रं सुरू करा."

भाऊजी यंत्राच्या बटणापासून दोन हातांवर बसले होते. त्यांनी हाताची घडी घातली. तोफ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

मी साहेबांना म्हटलं, "अजून प्रश्न आहेत. या, बसा. एक खुर्ची रिकामी आहे."